वरच्या खोलीचं वजन

रांजणगावच्या कंपनीत माझं काम एकच. कुठला खांब किती वजन पेलेल, कुठला पत्रा किती वारा सोसेल, याचा हिशेब करायचा. आमच्या गावात, कवठे येमाईला, त्याचा अर्थ 'भैरूच्या पोरीला, प्रगतीला, घर बांधण्यातलं कळतं' असा लावलाय. जो तो भिंतीच्या चिरा दाखवतो. त्यात आबांचाही फोन आला, तेव्हा मी वैतागलेच.

"वर एक खोली काढावी म्हंतोय. स्लॅब पेलंल का, बघून जा."

खाली तीन खोल्या, राहणारा माणूस एक. मला वाटलं, मला घरी परत आणायचा हा नवा डाव. रांजणगावात मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते, मेसचा डबा खाते, सुट्टीला कुणाशी चकार शब्द बोलत नाही. पण घरात पाय टाकला की आई नाही हे नव्यानं कळतं, आणि ते मला सोसत नाही.

तरी रविवारी गेले. मेंढरं विकून आई-आबांनी हे घर बांधलं, वाळूसुद्धा दोघांनीच चाळली. पुढं मजला चढवायचा म्हणून खांबांच्या सळया स्लॅबवर तशाच सोडलेल्या. कुणाला लागू नयेत म्हणून आईनं त्यांच्या टोकांवर काचेच्या बाटल्या उपड्या घातल्या होत्या. इथं पोरीची खोली होणार, असं ती येईल त्याला सांगायची. सळया आता गंजून बारीक झाल्या होत्या. खांब तपासले, गणित मांडलं. विटांची खोली पेलणार नव्हती. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

"नाही पेलायची, आबा. आणि मला वर खोली हवीय कशाला?"

"तुला न्हाई गं. मला."

तेव्हा कुठं स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला अंथरलेलं घोंगडं मला दिसलं. उशाशी तांब्या आणि बॅटरी.

"इथं झोपता तुम्ही?"

"तुझी आई गेली तवापासनं. खाली डोळाच लागत न्हाई. भांडं वाजलं की वाटतं, तीच उठली. आता थंडीनं गुडघं धरत्यात, म्हून म्हनलं चार भिंती असाव्यात."

डाव वगैरे काही नव्हता. माझ्यासारखेच आबाही त्या घरातून पळत होते. त्यांना पळायला स्लॅबच तेवढा होता. मला रडू आलं, ते मी वहीत मान घालून लपवलं आणि पुन्हा गणित मांडलं. विटांऐवजी लोखंडी पाइप आणि पत्रा धरला. जमलं.

"पत्र्याची हलकी खोली पेलेल, आबा."

"माणसं किती धरलीस?"

आमच्या हिशेबात माणसं मोजत नाहीत. जागा गच्च भरेल असं समजूनच वजन धरायचं असतं.

"तीसेक माणसं आली तरी काही होणार नाही."

आबांनी सळईवरची एक बाटली काढली, सदऱ्याला पुसली आणि परत जागेवर घातली.

"येवढी आनायची कुठनं, पोरी?"