भोकं नसलेली बटणं

सुई बोटात घुसली तसा पांढरेमास्तरांनी हात झटकन कोटापासून लांब धरला. पंचवीस-तीस वर्षं पांढऱ्याखेरीज दुसरं कापड हातात न धरल्यामुळे गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. वाद्यवृंदाचे सात पांढरे कोट उद्या द्यायचे होते. बोटावर रक्ताचा थेंब फुगला, थरथरला आणि तिथेच थिजला. मास्तर हरखून बघत राहिले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हापासून हे सुख पारखं झालं होतं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. रक्तात बारीक पेशी असतात, जखम दिसली की त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात.

"म्हणजे रफूच की," मास्तर म्हणाले होते.

"रफूच. पण तुमच्या जाळीलाही त्या जखम समजतील. तिथे रफू झालं की नळी बंद. म्हणून ही ॲस्पिरिन रोज, न चुकता."

गोळीने रफू बंद पडलं ते बोटाचंही. आजारपणानंतर हात जरासा थरथरायचा, सुई टोचायची आणि रक्त काही केल्या थांबायचं नाही. कापडावर पडलेलं स्वतःचं रक्त स्वतःच्याच थुंकीने निघतं हे शिंप्याला शिकवावं लागत नाही, पण थुंकणार तरी किती! मागच्या खेपेचे दोन कोट वाया गेले. वाद्यवृंदाचा व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाला, "मास्तर, यापुढे काळेच शिवा ना." ते त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं. गोळी घ्यावी तर हात कामातून जातो, न घ्यावी तर जीव. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मशीन नि भिंत यांच्यात अडकलेली त्यांची खुर्ची.

त्यात ते दोन कोट वाया गेल्यापासून, मास्तर गोळी टाळतील म्हणून, बायकोचा पहारा. रोज सकाळी ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची, घोट उतरल्याशिवाय हलायची नाही. मास्तर गोळी गालात दाबून ठेवत आणि तिची पाठ वळली की बटणांच्या डब्यात टाकत. पांढऱ्यात पांढरं, कोण बघतंय! एवढे सात कोट होऊ देत, मग घेऊच की, असं ते स्वतःला बजावत.

"टोचली वाटतं?" बायको चहा घेऊन दारात उभी होती.

"छे, जरासं."

तिने चहा ठेवला आणि त्यांचं बोट हातात घेतलं. "थांबलं?"

"थांबलं की," मास्तर आनंदाने बोलून गेले.

"इतक्यात?"

मास्तरांनी बोट सोडवून घेतलं आणि उगीचच दोरा ओवायला लागले. दोरा सुईच्या नेढ्यात जाईना. बायकोने खोलीभर नजर फिरवली, मग म्हणाली, "द्या, बटणं मी लावते." डबा तिने आधीच ओढला होता. झाकणात बटणं ओतून ती एकेक निवडू लागली. एक उचललं, उजेडात धरलं.

"याला भोकं नाहीत."

तिने तशी नऊ वेगळी काढली.

"या नऊ रात्री मी निवांत झोपले," ती म्हणाली. "त्याआधी उठून उठून तुमचा श्वास बघायचे. म्हटलं, आता गोळी माझ्यासमोर पोटात जातेय."

तिने आवाज चढवला असता तर मास्तरांनाही चढवता आला असता. तिने आतून नवी गोळी आणि पाणी आणलं. त्यांनी गिळली आणि न सांगता तोंड उघडून दाखवलं.

"चला, डॉक्टरांकडे. नऊ दिवसांचं तुम्हीच सांगायचं."

"आणि कोट? तीन राहिलेत."

"आल्यावर मी शिवते. तुम्ही बसून चुका काढा, ते तुम्हाला जमतं."

दवाखान्यातून परतल्यावर ती खुर्चीत बसली आणि मास्तर स्टुलावर. दुसऱ्याच टाक्याला सुई तिच्या बोटात गेली आणि कोटाच्या कडेवर लाल ठिपका उमटला. मास्तर अर्धवट उठले. पण ज्याचं रक्त त्याचीच थुंकी, त्यांना काही करता येईना. तिने जिभेने बोट ओलं करून डाग पुसला. मास्तर कोटाकडे न बघता तिच्या बोटाकडे बघत होते.

"थांबलं?" त्यांनी विचारलं.

"थांबलं. माझं थांबलेलं चालतं," ती म्हणाली आणि पुढचा टाका घातला.