तेल देणारी लॉरी

खरं सांगतेय! शब्दन् शब्द खरा! खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता या चहात गळून पडोत. तिकडं आयर्लंडात, मेयोच्या डोंगरात, गॉर्टनाबॉलच्या घाटाखाली मॅलकी नावाचा माणूस राहायचा, आणि त्याची लॉरी तेल प्यायची नाही, तेल द्यायची.

निदान मॅलकी तरी तसं सांगायचा. रोज सकाळी इंजिनातली तेलाची पट्टी ओढून काढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा बुडवायची, आणि बघावं तर तेल कालच्यापेक्षा बोटभर वर! मग संध्याकाळी पबमध्ये काळ्या बिअरचा ग्लास समोर आला की याचं कीर्तन सुरू.

"तुमच्या लॉऱ्या तेल ढोसतात रे, लग्नातल्या पाहुण्यासारख्या. माझी दुभती आहे, दुभती!"

लोक पट्टी बघायला यायचे. मॅलकीची म्हातारी आत्या तर बाटली भरून घेऊन गेली, दुखऱ्या गुडघ्यांना चोळायला. गुडघ्यांना काही गुण आला नाही, पण ती चुलीजवळ बसली की घरातली माणसं चार हात लांब सरकायची.

आणि हे सगळं ऐकून डिंपना, मॅलकीची बायको, दात खात बटाटे सोलायची. एक एक बटाटा असा सोलायची की शेवटी हातात वाटाणा उरायचा.

कारण तिला ठाऊक होतं. ती लॉरी तिच्या बापाची. लहानपणी दुसऱ्या पोरी बाहुल्या खेळायच्या तेव्हा ही लॉरीखाली उताणी पडून बापाला पाने-पकडी द्यायची. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा पंप असतो, टाकीतलं डिझेल खेचून इंजिनाला पाजणारा. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला की डिझेल थोडं बाहेर ठिबकतं आणि बाकीचं गुपचूप आत, इंजिनाच्या तेलात उतरतं. तेल वाढतं ते असं. वाढतं आणि पाण्यासारखं पातळ होतं. आणि फार वर चढलं की एखाद दिवशी इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागतं आणि पिसाळतं. मग चावी काढा, डिझेल तोडा, देवाचा धावा करा, ते थांबत नाही. दगडाच्या खाणीवर तशी एक लॉरी तिच्या बापानं डोळ्यांनी पाहिली होती. ड्रायव्हरनं उडी टाकली म्हणून वाचला.

तिनं मॅलकीला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "ठिबकतंय कुठं? घाम आहे तो. कष्टाळू गाडी आहे." आणि ठिबक्याखाली तारेनं बिस्किटाचा डबा टांगला. तिसऱ्यांदा मात्र चारचौघांत म्हणाला, "बॉनेट माझं, पातेलं तुझं. लग्नातच ठरलंय."

कुणी ठरवलं होतं? पाद्र्यानं? तिनं तर ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिनं बसच्या कंडक्टरच्या हाती शहरातून नवा पंप आणि ताज्या तेलाचा डबा मागवला आणि पंप पिठाच्या डब्यात लपवला. पिठाच्या डब्यात मॅलकी बघणं शक्यच नव्हतं.

सोमवारी मेंढ्यांचा बाजार होता, घाटाच्या पलीकडे. लॉरीतून जाणार होते मॅलकी, शेजारचा फेस्टस आणि चाळीस मेंढ्या. त्या घाटाचा उतार असा की खाली उतरेपर्यंत माणसाचे बूट पुढून झिजतात. आदल्या दिवशी, रविवारी, डिंपनानं पट्टी काढून पाहिली. तेल खुणेच्या वर चार बोटं! वास घेतला. निव्वळ डिझेल.

मॅलकी आणि फेस्टस चर्चमधून परस्पर फुटबॉलची मॅच बघायला गेले होते. रविवारी हातात पाना धरणं म्हणजे पाप. डिंपनानं चर्चची चांगली टोपी खुंटीला लावली, मॅलकीचीच विजार चढवली आणि म्हणाली, "पापाचं मी बघते. नवरा मेला तर पाद्री काय मेंढ्या राखायला येणार आहे?"

पंपाच्या दोन नळ्या सोडवल्या. टाकीकडच्या नळीतून डिझेल यायला लागलं, तर तिच्यात गाजर कोंबलं. दोन बोल्ट होते, गंजून बसलेले. त्यांना तिनं मॅलकीच्या नावानं अशा शिव्या घातल्या की अंगणातली बदकं गुपचूप परसात निघून गेली आणि बोल्ट आपसूक सैल झाले. पंप हातात आला. उघडून पाहिला. पडदा म्हातारीच्या पायमोज्यासारखा फाटलेला.

मग इंजिनाच्या बुडाचं बूच काढून तेल सोडलं. बादली भरली. दुसरी भरली. कपडे धुवायचा टब भरला. एवढं तेल त्या इंजिनात कधी ओतलंच नव्हतं कुणी! आणि ती इंजिनाच्या अंगावरचं जुनं पॅकिंग सुरीनं खरवडत होती, नेमका तेव्हाच फेस्टसची मोटार अंगणात शिरली. मॅच अर्ध्यातच मोडली होती. रेफ्रीला कुणीतरी नदीत टाकलं होतं.

मॅलकीनं टबाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, आपल्या विजारीकडे पाहिलं.

"काय केलंस हे? चालती गाडी मारलीस माझी!"

"तुझी? माझ्या बापाची गाडी. आणि मारत तू होतास, रोज थोडी थोडी."

"फेस्टस, बघ रे! रविवारचं! बाईमाणसानं! उद्या बाजार आहे, आणि हिनं दुभत्या गाडीची कास कापली!"

"कास?" डिंपना उठली. हातात सुरी होती, म्हणून फेस्टस मोटारीमागे सरकला. "इकडं ये, मॅलकी. तुझं दूध दाखवते तुला."

चुलीसाठी रचलेल्या पीटच्या, म्हणजे तिकडं जाळतात त्या दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, ढिगातून तिनं दोन ढेकळं घेतली. एक नव्या तेलाच्या डब्यात बुडवलं, काडी लावली. ते नुसतं धुमसलं, पेट काही घेईना. दुसरं मॅलकीच्या तेलात बुडवलं, काडी लावली. भक्! अंगणभर उजेड. फेस्टसच्या भुवया गेल्या त्या गेल्याच. नंतर आल्या त्या लाल आल्या.

"हे तेल आहे होय रे?" डिंपना ओरडली. "हे घेऊन तू उद्या घाट उतरणार होतास? इंजिन पिसाळलं असतं तर कोण थांबवणार होतं? तुझी आत्या, गुडघे लावून?"

फेस्टसनं कपाळ चाचपलं. "मॅलकी, याच्यावर बसून येणार होतो का रे मी? माझ्या मेंढ्यांना घेऊन?"

"तू गप्प बस."

"मी कशाला गप्प बसू? मेंढ्या माझ्या आहेत!"

मॅलकीचं तोंड बिटासारखं झालं. चारचौघांत खोटं पडलेल्या माणसाला एकच गोष्ट सुचते. त्यानं तिच्या हातातून पाना हिसकावला. "सरक. पंप बसवायचा तर मी बसवतो. बॉनेट माझं आहे."

"बसव की. बघू दे."

त्यानं नवा पंप भोकाला लावला. बसेना. बोटभर फट राहिली. त्यानं रेटला, खांदा लावला, बोल्ट घालून आवळायला गेला, तर पंप वाकडा. मग हातोडी उचलली. डिंपनानं हातोडी धरली ती दोन्ही हातांनी, आणि दोघं हातोडीला लोंबकळत अंगणात गरगर फिरले, जत्रेतल्या पाळण्यासारखे.

"तोडशील! नवा आहे तो! हातोडीनं काय होतं, गाढवा? पंपाला ढकलणारा कॅमचा उंचवटा वर आलाय आत. पंपाच्या दांडीला जागाच नाही!"

"मला शिकवू नकोस!"

"मग कोण शिकवणार? बावीस वर्षं झाली, बॉनेट धरून बसलास, आणि खाली काय आहे ते एकदा बघितलं नाहीस!"

फेस्टस खाली बघत म्हणाला, "तिला करू दे ना, मॅलकी. मला उद्या जिवंत बाजाराला जायचंय."

मॅलकीनं हातोडी सोडली. डिंपना लॉरीपुढे गेली, हँडल घातलं आणि कॅम खाली जाईल असं इंजिन अर्धा फेरा फिरवलं. परत आली, नवं पॅकिंग लावलं, पंप टेकवला. लापशीत चमचा जावा तसा आत गेला. बोल्ट एक इकडून, एक तिकडून, थोडे थोडे आवळले. गाजर काढून फेकलं, नळ्या जोडल्या. ताजं तेल घातलं, खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. मग पंपाची छोटी दांडी हातानं हलवत राहिली आणि वरचा स्क्रू सैल करून हवा काढली. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार.

"मार स्टार्टर," ती मॅलकीला म्हणाली. "तेवढं येतं ना?"

लॉरी दोनदा खोकली आणि लागली. असा गोड आवाज, की डिंपना डोळे मिटून ऐकत उभी राहिली. बापाच्या वेळी असाच यायचा. डोळे उघडले तरी राग तिथंच होता. तिनं बिस्किटाचा डबा तारेसकट उपटला आणि मॅलकीच्या पायाशी आपटला.

सोमवारी लॉरी घाट चढली, उतरली, मेंढ्या विकून दिवसाउजेडी परत आली. मॅलकीनं पट्टी काढली. तेल होतं तिथंच होतं. पुन्हा बुडवून पाहिली, तरी तिथंच. मग दाराशी आला, टोपी काढली आणि म्हणाला, "डिंपना, चुकलं माझं. तुझं खरं होतं."

बरं, बरं. असं बघू नका माझ्याकडे. एवढं एक मी पदरचं घातलं. तसं तो कधी म्हणालाच नाही, मरेपर्यंत नाही. पट्टी पुसून जागेवर ठेवली, जेवला, आणि पबमध्ये जाऊन सांगितलं, "काय करू? सोन्यासारखी दुभती होती. बाईनं हात लावला आणि आटली." आणि फेस्टस सोडून सगळा पब हळहळला.