भीमराज मापाऱ्यांचे कान

"आवाजच नाई येऊन राह्यला, ताई," असं तिसऱ्यांदा म्हणत भीमराजनी कानावरचा हेडफोन काढला, फुंकर मारली आणि पुन्हा नीट बसवला.

दारव्ह्याच्या वाचनालयात नेमके तेव्हाच पाहुणे आलेले. अध्यक्ष कमलाकरराव यवतमाळच्या दोघा बड्या माणसांना संगणकाचा नवा पडदा कौतुकानं दाखवत होते. निळं आभाळ, काचेसारखी चौकट, उमलत उघडणाऱ्या खिडक्या. "आमच्या प्राचीनं एकटीनं बसवलं हे!" ते म्हणाले.

प्राची वाचनालयातल्या संगणकाच्या खोलीची सर्वेसर्वा. संगणक चालवणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीचा तिला भारी नाद. त्यातल्या अनेक प्रकारांपैकी उबुंटू तिची लाडकी. पोस्टानं आलेल्या तबकडीवरून तिनं ती स्वतः शिकली, इथं बसवली आणि निगुतीनं चालवली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय तीत होती, आणि त्या सोयीमुळेच भीमराज रोज येत. कापूस बाजारात आयुष्यभर मापारी म्हणून राबलेला हा माणूस. काचबिंदूनं डोळे गेले तरी वजनकाट्याजवळची सवय सुटली नव्हती. कापसाचे भाव ऐकायचे आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्यांना सांगायचे. गेल्या हंगामात आभाळाला टेकलेला भाव यंदा धाडकन खाली आला होता. घराघरात कापूस पडून होता, आणि विकावा की ठेवावा हे ओट्यावरची माणसं भीमराजच्या तोंडून ऐकून ठरवत.

पण नागपूरच्या एका कार्यशाळेत कुणीतरी प्राचीला हसलं होतं, "अजून तेच जुनं वापरता?" ते तिच्या जिव्हारी लागलं. परतल्याबरोबर तिनं उबुंटू पुसून हे नवं, देखणं लिनक्स बसवलं. वाचून दाखवणारा आवाज जुळवायचा राहून गेला होता. राहून गेला म्हणजे, तो तिच्या ध्यानातच आला नव्हता.

आता तो ध्यानात आला, आणि पाहुणे तिच्याकडे बघत होते.

"आवाज तर चालू आहे, काका," ती म्हणाली. "तुमच्याच कानाला काही झालं नाही ना?"

"वय झालं की चालायचंच," पाहुण्यांपैकी एकजण हसून म्हणाला.

भीमराजनी हेडफोन उतरवला. हेडफोनच्या वायरची त्यांनी नीट गुंडाळी केली, ती टेबलावर ठेवली आणि भिंत चाचपत ते बाहेर पडले.

उद्या आले की सांगू, असं प्राचीनं मनाशी ठरवलं. उद्या ते आले नाहीत. परवाही नाहीत. तिला आतून सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली. दिवाळीपर्यंत तिनं आणखी दोन लिनक्स बसवून पाहिली. प्रत्येकाचं रूपडं निराळं, आणि आवाजाचं काम प्रत्येक वेळी उद्यावर. ओट्यावरची माणसं विचारत, "मापारी कुठं गेले?" ती म्हणे, "बरं नसेल."

एके दुपारी भीमराजच्या पत्नी प्रभावतीबाई वाचनालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत यायला संकोचत होत्या.

"ताई, बहिऱ्या मानसाले कानात घालाची मशीन असते म्हनतेत. तुमाले ठावं हाये का, कुठं भेटते?"

"कुणाला हवी आहे?"

"यायलेच. यवतमाळले नेलतं मी. डाक्टर म्हने, कान खणखणीत हायेत. पन हे आयकतच नाई. म्हनतेत, डाक्टरले काय समजते? प्राचीताईनं सोता पायलं, आवाज चालू होता. ते पोरगी कायले खोटं बोलन?"

"मी येते घरी," प्राची म्हणाली.

त्या गेल्यावर तिनं कपाटातून उबुंटूची जुनी तबकडी काढली. देखणं आभाळ पुसलं गेलं, ओळखीचा जांभळा पडदा आला. तिनं हेडफोन लावला. तोच खरखरीत हिंदी वळणाचा आवाज मराठी वाचू लागला, 'यवतमाळ'चं 'यवतमाल' करत. एरवी जुनं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला असता. आज त्या आवाजापुढं तिची मान वर होईना.

भीमराजच्या अंगणात ती पोचली तेव्हा आतल्या खोलीतून रेडिओ कानठळ्या बसतील असा वाजत होता. दार लोटून घेतलेलं. प्रभावतीबाईंनी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं, "प्राचीताई आल्यात!" रेडिओ बंद झाला.

"काका," प्राची म्हणाली. ओरडली नाही. "तुमचे कान चांगले आहेत. मशीनमध्येच आवाज नव्हता. मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

भीमराजनी तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"काहून?"

"पाहुणे होते. लाज वाटली."

"अस्सं." त्यांनी रेडिओवरून हात फिरवला. "डोये बी असेच गेलते, ताई. पयले जरासे, मंग सारे. म्या म्हनलं, आता हे बी चाललं. वाटनं कोनी जयभीम घालन अन मले आयकू नाई येनार, मानूस म्हनन मापारी माजला. म्हून अंगनात बसनंच सोडलं."

प्राचीला माफी मागायची होती. पण माफी मागून आपण फक्त आपलंच ओझं हलकं करू, असं तिला वाटलं.

दारामागून प्रभावतीबाईंचा आवाज आला. कित्येक आठवड्यांत त्या नवऱ्याशी इतक्या हळू बोलल्या नव्हत्या.

"च्या मांडू का?"

"मांड," भीमराज म्हणाले.

दोन दिवसांनी ते वाचनालयात आले. प्राचीनं खुर्ची सरकवली, हेडफोन पुढं केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"उघड्यावर लावा."

तिनं स्पीकर लावला. कळ दाबताच आवाज खोलीभर झाला. पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. भीमराजनी पहिलं वाक्य ऐकलं, कळीवरचं बोट उचललं आणि खोलीकडं वळून विचारलं, "येते ना तुमाले बी आयकू?"

"येते, काका," प्राची म्हणाली.

पण तिचं उत्तर त्यांनी धरलं नाही. कोपऱ्यातला अनोळखी म्हातारा "येते ना बाप्पा, येते," असं म्हणाला, तेव्हाच त्यांचं बोट पुढच्या कळीवर गेलं. पुढं तो हंगाम सरेपर्यंत ते रोज येत राहिले, आणि रोज सुरुवातीला खोलीत दुसरं कोण आहे याचा अदमास घेऊन त्यालाच विचारत राहिले.