माझ्या पोटातला ‘फट्’

मी एक अँप्लिफायर बोलतोय. दुकानातला नव्हे, घरी जुळवलेला. गिटारची वायर माझ्यात खोचली की तिचा आवाज मी मोठा करतो. जुन्या कपाटाच्या फळ्यांची माझी पेटी आणि आत जुन्या रेडिओत असायचे तसले, दिव्यासारखे काचेचे तीन व्हॉल्व्ह. ते तापून नारिंगी झाले की मला भर दुपारची डुलकी लागल्यासारखं वाटतं.

मला बनवलं बाबांनी. उभा जन्म रेडिओ दुरुस्त केलेले. लेक गिटार वाजवते म्हणून निवृत्तीनंतर हा उद्योग मांडला. माझ्या अंगावर एक खटका आहे. तो दाबला की सूर मऊ होतो. बाबांना त्या खटक्याचा कोण अभिमान!

पुढे आईंना मोठं आजारपण आलं. त्यातून उठल्या, पण झोप उडाली ती उडालीच. जरा खुट्ट झालं की छातीत धडधड. फक्त दुपारी लेक वाजवायला बसली की पापण्या जड व्हायच्या. त्यांच्या आवडीचे सूर, आधी स्वच्छ, मग हळूहळू संथ. आम्ही तिघं एकाच स्वप्नात तरंगत असायचो. तेवढ्यात सूर मऊ करायला लेक खटका दाबायची आणि फट्! आई दचकून उठून बसायच्या.

“बाबा, हा खटका दाबला की फट् होतं.”

“माझा खटका? छे! तूच आडदांडपणे दाबतेस.” बाबांनी आवाज कमी केला, खटका दाबला, आवाज पुन्हा वाढवला. चिडीचूप. “बघ! नाचता येईना, अंगण वाकडं.”

मला बोलता आलं असतं तर! बटणाला हात लावण्याआधी आवाज खाली आणायचा, ही त्यांची रेडिओ दुरुस्तीच्या दिवसांतली सवय. हात आपोआप तिकडे जाई. त्यामुळे मी जन्मल्यापासून तो ‘फट्’ त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. लेकीला मात्र मध्येच आवाज खाली आणून चालत नसे, सूर तुटला तरी आई जाग्या होत.

आणि खटका दाबलाच नाही, तर त्या स्वच्छ सुरांत आईंची झोप गाढ होत नसे. शेवटी लेकीने गिटार खोळीत घातली. “आईला दचकवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं.” चार दुपारी आई छताकडे बघत पडून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, “वाजव. खटका मी दाबतो.” त्यांचा हात सवयीने आवाजाच्या बटणाकडे गेला. लेकीने तो धरला. “ते नको. नुसता खटका.”

फट्! आई दचकल्या, पण बाबा त्यांच्याहून जास्त.

प्लग काढून त्यांनी मला उघडलं. माझ्यातला एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, खटका बंद असताना रिकामा राहायचा आणि खटका लागताच सगळी वीज एका घोटात प्यायचा. बाबांनी खटक्याच्या दोन टोकांत एक इवलासा रेझिस्टर, वीज अडवून थोडीथोडीच सोडणारा, डाख देऊन जोडला. आता कपॅसिटर आधीपासूनच थेंब थेंब पीत असतो.

लेक पुन्हा वाजवायला बसली. खटका दाबला. सूर नुसताच मऊ झाला.

“चूक माझी होती गं,” बाबा हळूच म्हणाले. “तुझा हात बरोबर होता.”

माझी एकच विनंती आहे. कुणासाठी काही बनवलंत तर एकदा त्याच्या पद्धतीने वापरून बघा. आणखी सांगितलं असतं, पण आता आवरतो. आईंना झोप लागलीय.