बर्फाच्या चित्रावरचं नाव

मी एक बर्फाचं चित्र बोलतोय. आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या, माझ्यावर काच बसवलेली आहे. त्या काचेआड, उजव्या कोपऱ्यात, एक नाव लिहिलंय. ते मला काढणाऱ्या बाईचं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधला, एका स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. पहाटेपासून बर्फ पडत होता आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. आश्लेषाने पोह्यांच्या बशा उचलल्या, ओट्यावरून हात फिरवला आणि मुलीला हाक मारली, "इला, चल, आज बर्फच काढू या आपण." नागपूरला ती चित्रकला शिकली होती. लग्न होऊन इथे आल्यावर व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, पुढे इला झाली, आणि रंग असेच सुट्टीपुरते उरले.

इला सोळा वर्षांची. हॉट चॉकलेटचा मग घेऊन ती समोर बसली, कागदाच्या बर्फफुल्या कापू लागली. समोरच्या घरातल्या सुवर्णाकाकू गुडघाभर बर्फ तुडवत गरम भजी घेऊन आल्या आणि तासभर तिथेच रमल्या. खिडकीतून इलाचे बाबा, निमिष, दिसत होते. निळी टोपी घालून ते गाडीभोवतीचा बर्फ उपसत होते. आश्लेषाने तेच काढलं: पांढरं अंगण, बुडालेली गाडी आणि एवढीशी निळी टोपी.

"मॉम, व्हाइट कुठेय? तू व्हाइट पेंट घेतलाच नाहीस," इला म्हणाली.

"बर्फ रंगवायचा नसतो गं, कागद तसाच सोडायचा असतो," आश्लेषा म्हणाली. मग आकाशाचा रंग ओला असतानाच तिने माझ्यावर चिमूटभर मीठ भुरभुरवलं. मीठ जिथे पडलं तिथे रंग सरकला, आणि माझ्या आकाशातून बर्फ पडायला लागला. सुवर्णाकाकूंनी तर टाळीच वाजवली.

"सही कर की खाली," त्या म्हणाल्या.

"घरातल्या घरात कसली सही!"

तेवढ्यात इला म्हणाली, "मॉम, हे मला देशील? माझ्या रूममध्ये लावते." आश्लेषाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मुलीने आपलं काही मागून घ्यावं, ही गोष्ट त्या घरात बऱ्याच दिवसांनी घडत होती.

इलाच्या खोलीत माझे दिवस सुखात गेले. लायब्ररीत 'हिवाळा' या विषयावर शाळेच्या मुलांचं चित्रप्रदर्शन भरणार होतं, आणि कॉलेजच्या अर्जात लिहायला तिला तिथे चित्र हवं होतं. तिने काढायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं. शेवटी मला भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं. बराच वेळ ती माझ्याकडे नुसती बघत बसली. मग बारीक ब्रश घेऊन, आश्लेषाने कोऱ्या सोडलेल्या बर्फावर, तिने स्वतःचं नाव लिहिलं.

मला वाटलं, आश्लेषा बघेल. बघितलं की बोलेल. तेवढा एकच आधार होता मला.

पहिलं बक्षीस मलाच मिळालं. "माझं चित्र सिलेक्ट झालंय, सरप्राइझ आहे," एवढंच इलाने घरी सांगितलेलं. आश्लेषा छान साडी नेसून, सुवर्णाकाकूंना सोबत घेऊन लायब्ररीत आली. निमिष आधीच माझ्यासमोर उभे होते. सुट्टीच्या त्या दिवशी आधी बर्फ आणि मग ऑफिसचे कॉल, यात त्यांनी मला पाहिलंच नव्हतं, आणि नंतर इलाच्या खोलीतही ते कधी डोकावले नव्हते.

"अगं, हा मी! माझी टोपी! आश्लेषा, तुझा हात आलाय हिच्या हातात."

आश्लेषाने मला पाहिलं. मग कोपऱ्यातलं नाव पाहिलं. सुवर्णाकाकू म्हणाल्या, "अगं, पण हे तर…" आणि आश्लेषाने त्यांचा हात घट्ट दाबला.

परीक्षक बाई इलाकडे आल्या. इतका पांढरा बर्फ कसा साधलास, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

"व्हाइट पेंट," इला गडबडून म्हणाली.

बाई वाकल्या. माझ्या बर्फावर पांढऱ्या रंगाचा ठिपकाही नव्हता. त्या सावकाश सरळ झाल्या आणि आश्लेषाकडे वळल्या. तुम्ही मदत केलीत का तिला, असं त्यांनी विचारलं.

आता बोलेल, मी म्हटलं. आता नक्की बोलेल.

"नो," आश्लेषा हसून म्हणाली. "शी डिड इट ऑल हरसेल्फ."

इलाने माझ्यावर नाव लिहिलं तेव्हा मला राग आला होता. पण पोरवय होतं, घाबरली होती. आश्लेषाचं ते वाक्य ऐकलं तेव्हा मात्र मी पोरका झालो.

प्रदर्शन संपल्यावर गाडीत मागच्या सीटवर इलाशेजारी मी होतो. आश्लेषा ड्राइव्ह करत होती. निमिष आणि सुवर्णाकाकू दुसऱ्या गाडीने पुढे गेले होते.

"मॉम, से समथिंग."

"सीटबेल्ट लाव."

"तू कधी साइनच करत नाहीस! कुणाला दाखवत नाहीस! इट वॉज जस्ट लाइंग देअर."

सिग्नल लाल होता. आश्लेषा आरशातही न बघता म्हणाली, "पडलेलं नव्हतं ते. मी तुला दिलं होतं. आवडलं म्हणून मागतेयस, असं वाटलं मला."

इला रडायला लागली. "मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"तुला सगळ्यांसमोर खोटं पाडू? आई आहे मी तुझी."

आणि माझी कोण होतीस गं?

घरी निमिषनी बक्षिसाची निळी फीत माझ्या फ्रेमला लावली आणि ग्रुपवर फोटो टाकले. आश्लेषा त्यांना चहा देऊन आत गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा बर्फ पडला, पुन्हा शाळांना सुट्टी मिळाली. निमिष म्हणाले, "आज रंग काढा की मायलेकींनी!" दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

आता मी इलाच्या कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये आहे. मला आणायला ती तयार नव्हती, निमिषनीच हौसेने गाडीत ठेवलं. तिची रूममेट अनन्या मला बघून म्हणाली, "वॉव, तू काढलंस?" इला उशीची खोळ घालत होती. ती नुसतं "हं" म्हणाली.

आश्लेषा तिथेच होती. तिने भिंतीवर चिकटणारा हुक दाबून बसवला, पदराने माझी काच पुसली, मला टांगलं आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. मी किंचित कललो होतो. तिने बोटाच्या टोकाने मला सरळ केलं.

निघताना तिने इलाला जवळ घेतलं. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

लोकहो, तुमच्या घरात कुणी गुपचूप काही सुंदर करत असेल, तर आजच त्याला त्यावर नाव लिहायला लावा. आणि आश्लेषा, तू मला दिलंस त्याचं मला दुःख नाही. सगळ्यांसमोर मला नाकारलंस ना, ते अजून खुपतंय.