पदराआडचे ओठ

त्या सकाळी आईने नेहमीसारखे ताक घुसळले. ऑपरेशनआधी पोटात काही जायला नको म्हणून स्वतः घोटभरही घेतले नाही.

निजामाच्या अमदानीत आम्हा देशमुखांकडे गोषा होता. बाईचे तोंड परक्या पुरुषाने पाहायचे नाही. वडील गेल्यापासून घरात शब्द भुजंगकाकांचा. आईच्या पोटातली गाठ काढायला त्यांनी होकार दिला, पण चेहऱ्यावरचा पदर हलणार नाही आणि मनगटाला डॉक्टरांचा हात लागणार नाही, या अटीवर. पोट चिरायला त्यांची हरकत नव्हती.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर रेणुकादास समजावून थकले. "भुजंगराव, क्लोरोफॉर्म थेंबाथेंबानं द्यायचं असतं. नाडी धरावी लागते, ओठ बघावे लागतात. जास्त झालं की ओठ निळे पडतात."

"तुमचा इल्म मोठा हाय, डॉक्टरसाहेब. डोळे मिटून करा की!" काका हसले.

"मागच्या साली तुमचा हर्निया कापताना तुमचेच ओठ निळे पडले होते. दिसले म्हणून तोंडावरची क्लोरोफॉर्मची जाळी काढली. म्हणून आज हसताय."

"आमची गोष्ट अलग. मर्दाच्या तोंडाला कसली आलीय इज्जत?"

"होऊ द्या जी," आई म्हणाली. "ही कळ आता सोसंना."

डॉक्टरांनी मान तुकवली. तेही मी विसरलेले नाही.

मला बाहेर बसवले. आत काका उशाशी पदर धरून उभे राहिले. पदरावरच जाळी ठेवून कंपाउंडर थेंब टाकत राहिला. आई उठलीच नाही.

घरी तिला आंघोळ घालताना मी पदर काढला. ओठ जांभळे होते. किती वेळ ते सांगत राहिले असतील!

तेराव्याला काका पाहुण्यांना म्हणाले, "वहिनी गेली, पर नख दिसू दिलं न्हाई कुणाला. अशी बाई होणं न्हाई."

माना डोलल्या. मी उघड्या तोंडाने पुरुषांच्या पंगतीत गेले.

"काका, तुमचे ओठ डॉक्टरांनी बघितले, म्हणून तुम्ही इथं लाडू खाऊन राहिलात. आईचे तुम्ही बघू दिले नाहीत. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"आत हो, पोरी! देवाची मर्जी व्हती ती."

"पदर धरून देव उभा नव्हता. तुम्ही होतात."

शेजारचे म्हातारे शिवप्पा ताटावरून हात काढून म्हणाले, "भुजंगा, खरं हाय का रं हे?"

पंगत अर्धवट उठली.

त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक कार्यात मी गेले आणि ही हकिकत काकांचे नाव घेऊन सांगितली. लातूरच्या एका घरी सुनेचे ऑपरेशन उघड्या तोंडाने झाले. डॉक्टरांनी शेवटपर्यंत तिची नाडी धरली होती. ती जगली. काकांना मात्र आता लग्नाची बोलावणी येत नाहीत.

मला दोन्हींचा आनंद सारखाच आहे.