हशाची जागा

अर्धी हयात नाटकात काढल्यावर मला पहिला सिनेमा मिळाला. पाय जमिनीवर टेकेनात. पहिल्याच शॉटला विनोदी वाक्य टाकलं आणि सवयीने थांबले, हशा ओसरेपर्यंत.

दिग्दर्शक खेकसला, "बाई, पुढचं विसरलात?"

"विसरते कसली? इथे लोक हसतात."

"इथे कोण बसलंय हसायला? सलग बोला."

डोकं तापलं, पण सलग बोलले.

आज पहिला खेळ. धाकट्या बहिणीचा हात मी घट्ट धरला होता. ते वाक्य आलं आणि अख्खं थिएटर असं खदखदून हसलं, की माझं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.

शेजारून दिग्दर्शक हळूच म्हणाला, "बाई, पुढच्या सिनेमात तुम्हाला वाटेल तिथे थांबा."